अकरापर्यंत

ता. ३ मार्च, रविवार

प्रिय व्यायामताई,

सप्रेम नमस्कार, आणि वयाच्या अधिकारानं एक आशीर्वादही. तुम्हाला या नावानं हाक मारायची सवय आमच्या घराला पहिल्याच दिवशी लागली, तेव्हा पत्रातही तेच राहू दे. तुम्ही खुशाल असाल. आम्हीही ठीक आहोत, निदान विचारणाऱ्याला तसं सांगतो. खरं तर फोन करणार होतो, दोनदा हातात घेतलाही. पण बत्तीस वर्षं शाळेच्या मैदानावर पी.टी. मास्तर म्हणून ओरडण्यात गेली, त्यामुळे फोनवर माझ्या तोंडून हुकूमच सुटतात. विनंती करायची तर मला कागद लागतो.

हिच्या खुब्याच्या ऑपरेशनला सहा आठवडे होऊन गेले. टाके केव्हाच सुकले. हाड छान जुळलंय, आता चालवा, असं डॉक्टर म्हणतात. याच महिन्यात पाय जमिनीला लागले नाहीत तर पार्किन्सन तिला पलंगावरून उठू देणार नाही, हेही त्यांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. मी मान डोलावली. घरी येऊन तिला मात्र नुसतं "सगळं उत्तम आहे" म्हणालो.

फिजिओथेरपी केंद्रानं तुमच्या जागी दुसरे एक गृहस्थ पाठवले होते. दणकट माणूस, स्वभावानंही बरा. हिनं चादरीखाली हात घट्ट दाबून धरले आणि "नको" म्हणाली. एवढंच. तुम्हाला माहीतच आहे, तिचा आवाज आता कान तोंडाशी नेल्याशिवाय ऐकू येत नाही. जिनं अठ्ठावीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून अख्ख्या गावाला फोन जोडून दिले, तिचा तो आवाज. पण "नको" मात्र त्या गृहस्थांना पलंगाच्या पायथ्याशी स्पष्ट ऐकू गेलं. ते तिसऱ्या दिवशी यायचे बंद झाले.

तिला तुम्ही हव्या आहात. तिनं तसं म्हटलेलं नाही, पण चार वाजले की ती दाराकडे बघते.

झालं गेलं ते झालं, ताई. बिनआधार चालण्याच्या त्या व्यायामाबद्दल आमच्या लेकीनं केंद्राकडे जे लिहिलं, ते आईच्या काळजीपोटी लिहिलं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. चुका माणसाच्याच हातून होतात. लेकीला मी समजावीन, केंद्रालाही दोन शब्द सांगीन. तुम्ही फक्त हो म्हणा.

पावलं टाकायच्या खुणा म्हणून तुम्ही पॅसेजमध्ये चिकटवलेल्या पिवळ्या पट्ट्या लेकीनं खरवडून काढल्या. फरशीवर डिंकाचे डाग राहिलेत, पुसताना फडकं अडकतं. फ्रीजजवळची एक पट्टी मात्र मी काढू दिली नाही. का, ते विचारू नका.

कळावे,
तुमचा,
सर


ता. १९ मार्च, मंगळवार

प्रिय व्यायामताई,

सप्रेम नमस्कार. तुमचं उत्तर शुक्रवारी आलं.

पत्राच्या सुरुवातीला ख्यालीखुशाली लिहायची असते, म्हणून लिहितो. बैठकीतला पंखा दुरुस्त झाला. शेजारच्या शिवणवाल्या बाई सकाळ-संध्याकाळ येऊन हिचं आवरून देतात, त्यांचं मशीन तेवढा वेळ गप्प असतं म्हणून खालच्या मजल्यावरचे लोक मला धन्यवाद देतात. माझं ब्लडप्रेशर जागेवर आहे. झाली ख्यालीखुशाली. आता मुद्द्यावर यायला हवं, आणि हात पुन्हा पंख्याकडेच वळतोय.

तुम्ही पाचच ओळी लिहिल्यात. मला वाटलं होतं, तुम्ही मला फैलावर घ्याल. तुम्ही तर स्वतःलाच घेतलंत. हिचा तोल तुम्ही दोनदा तपासला होता, तरी काहीतरी नजरेतून सुटलं असणार, असं तुम्ही लिहिता. केंद्रप्रमुखांसमोर तुम्ही बचावाचा एक शब्द काढला नाहीत. आणि त्या दिवसापासून केंद्रातल्या गुरुवारच्या गटात तुम्ही कुणालाच आधार सोडू देत नाही, सगळे व्यायाम खुर्चीत बसून. बुकबाइंडर काकासुद्धा खुर्चीतच.

ते बुकबाइंडर मी पाहिलेत. हिला घेऊन मी पहिल्यांदा तुमच्या गटात आलो, तेव्हा ते भिंतीचा कठडा सोडायला तयार नव्हते. पाच महिन्यांनी एका गुरुवारी ते हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकटे चालत गेले आणि पलीकडे पोचल्यावर आम्हा सगळ्यांना हात जोडले, जणू आम्हीच त्यांना पोचवलं होतं. मी टाळ्या वाजवल्या होत्या. तो माणूस आता पुन्हा खुर्चीत बसलाय, आणि त्याला तिथं बसवणारा मी आहे.

शेवटी तुम्ही लिहिलंत, "सर, त्या संध्याकाळी नक्की काय झालं ते कळलं, तर मला माझी चूक सापडेल."

ताई, तुमची चूक सापडणार नाही. ती नाहीच.

सांगतो. मधे थांबलो तर मला उठवायला कुणी येणार नाही, म्हणून एका दमात सांगतो.

हिचे पाय पहिल्यांदा चिकटले ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी. वरचं अंग पुढे निघालेलं आणि पाय जमिनीला खिळलेले. मी घाबरून, दुसरं काही सुचेना म्हणून, मैदानावर ओरडतो तसा ओरडलो, "एक दोन, एक दोन!" आणि पाय सुटले. ती चालू लागली. त्या दिवसापासून घरात एकच हाक ऐकू यायची, "अहो, मोजा." पाणी प्यायला जायचंय, मोजा. बेसिनपाशी जायचंय, मोजा.

लिहायला लाज वाटते, पण मला ते आवडायचं. आमच्या घरात सगळा कारभार हिचा. लेकीचं शिक्षण, घराचे कागद, माझ्या गोळ्या, सगळं ही बघायची. कुठल्याही समारंभाला गेलो की लोक मला विचारायचे, "तुम्ही टेलिफोनवाल्या बाईंचे मिस्टर ना?" चाळीस वर्षांत माझ्याजवळचं काहीतरी हिला पहिल्यांदा लागलं होतं. बायकोला आजार झाला आणि निवृत्त मास्तर पुन्हा नोकरीवर रुजू झाला, असा प्रकार.

तुम्ही आलात आणि दुसऱ्याच आठवड्यात म्हणालात, सर, मोजता हे चांगलंच आहे, पण आता हळूहळू कमी करा. आधी मोठ्यानं, मग हळू, मग फक्त पहिला आकडा, मग काकूंचं काकूंना मोजू दे. तुम्ही प्रत्येक दाराशी असणार नाही. मी "अगदी बरोबर" म्हणालो. आणि कमी काही केलं नाही. तुम्ही चार वाजता यायच्या तेवढा तासभर मी मिठाची गुळणी धरून बसायचो. तुमची पाठ वळली की घरात परेड सुरू. तुम्ही विचारायच्या, "कमी केलंत ना?" मी म्हणायचो, "निम्म्यावर आणलंय." हे माझं पहिलं खोटं. तेव्हा ते एवढंसं वाटलं होतं.

मग तो बुधवार आला. हिच्या बुटांचा पट्टा उसवला होता, तो शिवून आणायला मी तुमच्या वेळेतच बाहेर पडलो. चांभार रिकामा होता, काम पाच मिनिटांत झालं. परत आलो तर दार नुसतं लोटलेलं, आणि पॅसेजमध्ये तुम्ही उलट्या पावलांनी मागं मागं जाताय, दोन्ही हात पसरलेले, पण हिला स्पर्श नाही. ही तुमच्या पिवळ्या पट्ट्यांवर पाय टाकत येतेय. आकडे नाहीत. पुटपुटत होती, "हॅलो... नंबर सांगा... थांबा हं... जोडते." चार बोलांना चार पावलं. फ्रीजपाशी वळायच्या आधी थांबली, म्हणाली, "लाइन बिझी आहे," श्वास घेतला, वजन एका पायावर घेतलं आणि वळली. तुम्ही दोघी हसत होतात. हिचं ते हसणं मी दोन वर्षांत ऐकलं नव्हतं.

रविवारी लेक येणार होती. तिला आणि मला चकित करायचा तुमचा बेत होता, हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं, की मला बाहेर ठेवून काहीतरी चाललंय आणि ते माझ्यापेक्षा बरं चाललंय. दुसरा एखादा नवरा तिथंच नाचला असता. मी बूट हातात घेऊन स्वतःच्या घराबाहेर उभा राहिलो, आणि जे पाहिलं ते माझ्या जिव्हारी लागलं. मग मोठ्यानं खाकरलो आणि आत आलो. तुम्ही दोघी खुर्च्यांवर बसून साळसूदपणे पायाचे घोटे फिरवत होतात. मी चहा प्यालो. तुम्ही गेलात.

संध्याकाळचे साडेसहा. पुढची गोळी सातची, म्हणजे आधीच्या गोळीचा असर उतरायची वेळ. हिला बाथरूमला जायचं होतं. खुर्चीतून तुम्ही शिकवलंत तशी स्वतःच उठली, टाचा मागे, नाक पुढे. उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, मोजा ना. आत्ता पाय जड झालेत."

मी मोजायला लागलो. पॅसेजमध्ये शिरलो, फ्रीजपर्यंत आलो. तिथं ती म्हणाली, "जरा हळू. परेड नको. ताईंचं कसं सोपं असतं."

एवढंच म्हणाली. त्यात टोमणा नव्हता, खरं तेच ती बोलली होती.

आणि मी थांबलो.

ताई, मला ठसका लागला नव्हता. मी विसरलो नव्हतो. मुद्दाम थांबलो. म्हटलं, आता बोलव तुझ्या ताईला.

तिचे पाय चिकटले. एक त्या पिवळ्या पट्टीवर, दुसरा मागे. गुडघे थरथरायला लागले. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी हातभर अंतरावर उभा होतो. हात नुसता पुढे केला असता तरी पुरलं असतं. मी काय करत होतो, माहीत आहे? मी मोजतच होतो, पण मनात. आयुष्यभराची खोड, तोंड बंद केलं म्हणून बंद पडत नाही. एक, दोन, तीन. ती माझ्याकडे बघत होती. सात, आठ. अकरापर्यंत गेलो. अकराला तिनं माझ्यावरची नजर काढली, ओठ हलवले, आणि स्वतःच वळायला गेली. अंग वळलं, पाय तिथंच राहिले. तो आवाज मला लिहिता येत नाही.

लेक दुसऱ्या दिवशी दुपारी आली, तेव्हा हिला ऑपरेशनला आत नेलं होतं. हॉस्पिटलच्या बाकावर तिनं विचारलं, बाबा, कशी पडली? मी म्हणालो, "त्या ताई तिला बिनआधार चालायला लावत होत्या. हिला वाटलं, जमेल." त्यातला एकेक शब्द सुटा काढला तर खरा आहे, आणि सगळे मिळून खोटे. लेक संतापी, माझ्यावर गेलेली. चार दिवसांत तिनं केंद्राला पत्र लिहिलं आणि खाली वडिलांची सही हवी म्हणाली. मी सही केली. चांगली वळणदार, शाळेच्या दाखल्यावर करायचो तशी.

लेकीनं आईलाही विचारलं होतं. ही म्हणाली, "आठवत नाही." ताई, या बाईला तीस वर्षांपूर्वी बंद पडलेल्या औषधांच्या दुकानाचा नंबर अजून पाठ आहे. तिला आठवत नाही! मी खिडकीबाहेर बघत राहिलो. सुटलो असं वाटलं, आणि त्याच क्षणी हेही कळलं, की आता सुटका नाही.

त्या दिवसापासून हिनं मला एकदाही "मोजा" म्हटलं नाही. कूस बदलायची असली तरी शिवणवाल्या बाईंची वाट बघायची. भांडण नाही, अबोला नाही. गोळी दिली की घेते, पेपर वाचून दाखवला की ऐकते. मी दिवसभर त्या खोलीत बसून असतो, आणि मला काही काम नसतं.

शुक्रवारी तुमचं पत्र तिला वाचून दाखवलं. बुकबाइंडरांच्या ओळी तिनं मला पुन्हा वाचायला लावल्या. मग बोट हलवून जवळ बोलावलं. मी कान खाली नेला.

"मी लेकीला सांगितलं नाही. म्हटलं, तुम्ही सांगाल. अजून वाटच बघतेय."

मी काहीतरी सारवासारव करायला लागलो. तिनं पूर्ण होऊ दिली नाही.

"तुम्ही थांबलात. तुम्हीच लिहा."

म्हणून हे चार दिवस लागले. शनिवारी एक पत्र लिहिलं, त्यात मला ठसका लागला होता. रविवारी दुसरं, त्यात बैठकीतला फोन वाजला आणि माझं लक्ष गेलं. सोमवारी तिसरं, त्यात सगळं गोळीच्या वेळेवर ढकललं होतं, आणि ते तर इतकं शास्त्रशुद्ध उतरलं होतं की माझं मलाच पटायला लागलं. तिन्ही तिला वाचून दाखवली. तिन्ही वेळा तिनं दुसऱ्या परिच्छेदालाच डोळे मिटले. हे चौथं. आज पहाटे इथपर्यंतचं वाचलं, आणि शेवटपर्यंत तिचे डोळे उघडे होते.

याच मजकुराची एक प्रत केंद्रप्रमुखांना हातानं देऊन आलो. ते चष्मा काढून बघत राहिले, मी उभाच होतो, त्यांनी बसा म्हटलं नाही, ते बरंच केलं. तुमच्याबद्दलची तक्रार खोटी होती, असं वेगळ्या कागदावर लिहून दिलं, सहीसकट. दुसरी प्रत लेकीच्या पत्त्यावर पेटीत टाकली. आता तिचा फोन येईल. ती काहीही बोलली तरी ऐकून घ्यायचं ठरवलंय, ऐकून घ्यायची सवय नाही तरी.

मागच्या पत्रात मी तुम्हाला "चुका माणसाच्याच हातून होतात" असं लिहिलं होतं. तुमच्या चुकीला मोठ्या मनानं माफ करत होतो. ते वाक्य आठवलं की स्वतःच्या मुस्काटात मारून घ्यावंसं वाटतं. त्या वाक्याबद्दल तुमची माफी मागतो, बाकीच्या गोष्टींसाठी मागायची हिंमत नाही.

मागणी एकच आहे, आणि ती आमच्यासाठी नाही. परवाच्या गुरुवारी बुकबाइंडरांना खुर्चीतून उठवा. त्यांनी कुणाचं काय बिघडवलंय? आमच्याकडे यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. आलात तर मी जिन्यात बसेन. किल्ली शिवणवाल्या बाईंकडे असते.

आणि आज सकाळी नऊ वाजता एक गोष्ट झाली, ती सांगून थांबतो. बाईंनी हिला वॉकर धरून पलंगाशी उभं केलं. मी दारात होतो. पाय चिकटले, दिसलं मला. आकडा अगदी दातांपर्यंत आला. हिनं वॉकरवरचा एक हात उचलून मला तळवा दाखवला, गप्प. मी गप्प राहिलो. मग तिचे ओठ हलले. आवाज माझ्यापर्यंत आला नाही, पण शब्द मला माहीत होते. नंबर सांगा. थांबा हं. जोडते. तीन पावलं टाकली आणि बाईंनी मागं सरकवलेल्या खुर्चीत टेकली. दम लागला होता.

दम ओसरल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाली, "किती झाली?"

"तीन," मी म्हणालो.

त्या संध्याकाळनंतर तिच्या पावलांसाठी मी मोठ्यानं उच्चारलेला हा पहिला आकडा.

फ्रीजजवळची ती पट्टी अजून आहे. तिच्यावरून मी रोज जातो-येतो. बाकीच्या कुठे लावायच्या, ते तुम्हालाच ठाऊक.

तुमचा अपराधी,
त्या संध्याकाळी हातभर अंतरावर उभा असलेला,
तिचा नवरा